जुन्या धुलाई यंत्रांची वही

जुने रेडिओ, जुनी घड्याळे जपणारे हौशी लोक आपण पाहतो. कपडे धुण्याचे जुने यंत्र जपावे, असे मात्र कोणाच्या मनात येत नाही. ते बंद पडले की भंगारवाला मोटारीतील तांब्याचा भाव करतो आणि उरलेला पत्रा-प्लास्टिक किलोवर नेतो. जळगाव-धुळ्यात आम्ही चार मित्र सुटीच्या दिवशी अशी यंत्रे शोधत हिंडतो. लोक हसतात. हसू द्या.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील ईटन येथे ली मॅक्सवेल या विद्युत अभियांत्रिकीच्या निवृत्त प्राध्यापकांनी १९८५ पासून अशी हजाराहून अधिक यंत्रे जमवली. त्यात हाताने दांडा फिरवायची लाकडी पिंपे होती, कपडे पिळण्याचे रूळही होते. आपल्याकडे इतके जुने काही सापडणार नाही. मध्यमवर्गीय घरांत हे यंत्र शिरले ते १९८० च्या दशकाअखेर. व्हिडिओकॉनची दूरदर्शनवरील जाहिरात अनेकांना आजही पाठ असेल. ही कंपनी आपल्या शेजारची, तेव्हाच्या औरंगाबादची. २०१८ साली ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यामुळे तिची दोन टबांची जुनी यंत्रे आता सुस्थितीत मिळणे कठीण होत चालले आहे.

ही दोन टबांची यंत्रे आम्हाला फार आवडतात. एका टबाच्या तळाशी चकती असते. ती उलट-सुलट फिरून पाणी घुसळते. दुसऱ्या टबात कपडे जोराने फिरून पाणी बाहेर फेकले जाते. त्यालाच आपण ‘ड्रायर’ म्हणतो. गरम हवेने कपडे वाळवणारे खरे ड्रायर थंड, ओल्या हवेच्या देशांत घरोघर असतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात त्याचे काय काम? इथे साडी दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळते!

या यंत्राला नळाचा दाब लागत नाही, बादलीने पाणी भरता येते. आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हा मोठाच गुण. त्याचा टायमर किल्लीच्या घड्याळासारखा स्प्रिंगवर चालतो. त्यामुळे भारनियमनात यंत्र थांबे, पण टायमर आपला टिकटिकत शून्यावर येई. दुरुस्तीही साधी. बहुतेक वेळा पट्टा, कपॅसिटर, ब्रेकची तार किंवा पाण्याचे सील एवढेच गेलेले असते. बोअरच्या पाण्याचा क्षार मात्र चकतीखाली दगडासारखा बसतो. तो सावकाश काढावा. कपॅसिटरला हात लावण्याआधी प्लग काढावा आणि जाणत्याकडून त्यातील वीज उतरवून घ्यावी.

पण केवळ यंत्राच्या कौतुकासाठी आम्ही हा उद्योग करत नाही. बलुतेदारीच्या गावगाड्यात परीट सवर्णांची धुणी धूत असे. अस्पृश्यांचे कपडे त्याने घ्यायचे नाहीत, हा गावाचा दंडक होता. (ज्यांनी गावोगाव झाडू फिरवला ते गाडगेबाबा परीट समाजात जन्मले, हेही लक्षात ठेवावे.) आपल्या आयाबहिणींना नदीच्या खालच्या अंगाला दगडावर धुणे आपटावे लागे. पुढे शहरात आल्यावर दिवसभर मजुरी करून रात्री मोरीत धुणे असेच. अशा घरात हप्त्याने घेतलेले यंत्र आले, तेव्हा त्या बाईचे किती तास वाचले याचा हिशोब कोणी मांडला नाही. टीव्ही आल्याचा फोटो घरोघर सापडतो, या यंत्राचा नाही.

म्हणून आम्ही एक वही घातली आहे. कारकुनाची सवय, दुसरे काय! यंत्र कुठले, कोणत्या साली घेतले, रोख की हप्त्याने, पहिल्यांदा कोणी चालवले, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना ‘आधी धुणे कोण धूत असे?’ असा. यंत्र द्यायला तयार नसलेली घरेही हा रकाना आनंदाने भरून देतात. धुळ्याच्या एका आजीबाईंनी त्यात पांझरेकाठच्या दगडाची जागा सांगितली, सोबतच्या सात जणींची नावे सांगितली, आणि यंत्र मात्र दिले नाही. ते अजून चालू आहे म्हणाल्या.