एअर क्लीनर ते ब्रीदर : भंडारा जिल्ह्यातील घरगुती इंजिनदुरुस्तीचा मागोवा

इंजिनात हवा जाण्याची एक वाट असते आणि इंजिनाच्या पोटात साचणारा वायू बाहेर पडण्याची दुसरी. पहिल्या वाटेवर एअर क्लीनर बसलेला असतो, दुसऱ्या वाटेवर ब्रीदर. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. भंडाऱ्याहून नागपूरला जाऊन परत येणारी साधी मोटार एका फेरीत साठ-सत्तर हजार लिटर हवा ओढून घेते. त्या हवेबरोबर धूळ आत गेली की ती सिलिंडरच्या भिंतीवर आणि पिस्टनच्या रिंगांवर घासते. धुळीतला गारगोटीचा कण इंजिनाच्या बिडाहून कठीण असतो. रिंगा झिजल्या की जळालेला वायू त्यांच्या फटीतून खाली, क्रँककेसमध्ये उतरतो. पुस्तकात याला ब्लो-बाय म्हणतात, गॅरेजात ‘बॅक कम्प्रेशन’. हा वायू थोड्या प्रमाणात नव्या इंजिनातही असतोच. त्यात न जळलेले इंधन, पाण्याची वाफ, आम्ले आणि काजळी असते. त्याला वाट मिळाली नाही तर ऑइल लवकर खराब होते, दाब वाढतो, ऑइल सील गळू लागतात, डिपस्टिक आपोआप वर उचलली जाते. वाट मिळाली तर तो ऑइलचा सूक्ष्म तुषार घेऊन पुन्हा हवेच्या वाटेवरच येतो. म्हणून ही दोन कामे मुळात एकच आहेत आणि ज्याने पहिली वाट जपली त्याला दुसरीची काळजी फार उशिरा करावी लागली.

भंडारा जिल्ह्यात ही काळजी इतर ठिकाणांपेक्षा अधिक लागते. मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा क्रमांक सहा आणि आताचा त्रेपन्न, भंडारा, लाखनी, साकोलीवरून जातो. पण गाड्यांचा बराचसा प्रवास महामार्ग सोडून पांदणींवर आणि मुरमाच्या रस्त्यांवर होत आला. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत, त्या वाटांवर ट्रकांची धूळ बारमाही. दिवाळीनंतर धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, सुरू झाला की हवेत बारीक तूस आणि कोंडा भरून राहतो. राइस मिलच्या आवारात तर वर्षभर. पावसाळ्यात उलट ओल. तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि गावातून तालुक्यापर्यंतच्या छोट्या फेऱ्या, ज्यांत इंजिन पुरते तापतच नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांत खेड्यापाड्यांतून दिसणारी वाहने ठरावीक होती : महिंद्राने विलीजच्या परवान्यावर मुंबईत जुळवलेली जीप, हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर, ट्रक आणि मागाहून ट्रॅक्टर. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या इंजिनात टॅपेटच्या बाजूच्या झाकणातून एक नळी सरळ खाली, रस्त्याच्या दिशेने सोडलेली असे. गाडी धावताना खालून वाहणारी हवा त्या नळीतून वायू ओढून घेई. गाडी उभी असली की ओढ थांबे आणि वायू आतच घुटमळे. याच्या उलट विलीज जीपच्या पेट्रोल इंजिनात क्रँककेसचा वायू व्हॉल्व्हमधून थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये नेण्याची सोय पहिल्यापासून होती. लष्करी गाडीला नाल्यातून जावे लागे आणि उघड्या नळीतून पाणी आत येऊ शके, हे त्याचे कारण. जी रचना पुढे जगभर प्रदूषणाच्या कायद्याने सक्तीची झाली, ती खेड्यातल्या रस्त्यांवर जीपच्या रूपाने त्याआधीच येऊन पोहोचली होती.

त्या काळातला एअर क्लीनर बहुतेक ऑइल-बाथ प्रकारचा. त्याची देखभाल हे घरच्या घरी होणारे पहिले खरे इंजिनकाम आणि ते आजही शिकण्यासारखे आहे. बाजूच्या क्लिपा उघडल्या की तळातली वाटी हातात येते. वरून आलेली हवा वाटीतल्या ऑइलवर आपटून एकदम वळते. जड कण ऑइलमध्ये बसतात, उरलेले वरच्या तारेच्या जाळीत अडकतात. चुरण्याच्या दिवसांत ही वाटी उघडली तर वर काळे पातळ ऑइल आणि खाली बोटाला लागणारा घट्ट चिखल दिसतो. ऑइल ओतून टाकायचे, चिखल लाकडी चपटीने खरवडायचा, वाटी आणि जाळी रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन पूर्ण निथळू द्यायची आणि खुणेपर्यंत, खुणेच्या वर नव्हे, नवे इंजिन ऑइल भरायचे. खुणेपेक्षा जास्त भरले तर इंजिन ते ऑइल ओढून घेते. डिझेल इंजिनात ते जळते आणि वेग हाताबाहेर जाऊ शकतो. ट्रॅक्टरच्या पुस्तिका धुळीच्या मोसमात ही वाटी रोज पाहायला सांगतात. हा नियम पाळणाऱ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर रिंगकामाशिवाय किती तरी जास्त चालतो.

दरम्यान बाहेर नियम बदलत होते. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास झाल्यावर लक्षात आले की मोटारीतून निसटणाऱ्या न जळलेल्या इंधनाचा मोठा भाग, साधारण पाचवा हिस्सा, सायलेन्सरमधून नव्हे तर क्रँककेसच्या नळीतून जातो. कॅलिफोर्नियाने १९६१ साली ही नळी बंद करून वायू पुन्हा इंजिनात नेण्याची रचना सक्तीची केली आणि १९६३ च्या मॉडेलपासून ती लागू झाली. तिचा कणा म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह : अंगठ्याएवढ्या नळकांडीत एक दट्ट्या आणि एक स्प्रिंग. आयडलिंगला मॅनिफोल्डमधली ओढ सर्वांत जास्त, पाऱ्याच्या पंचेचाळीस ते पन्नास सेंटीमीटरइतकी. तेव्हा दट्ट्या खेचला जाऊन वाट अरुंद होते. गाडी मध्यम वेगाने धावू लागली की ओढ कमी होते आणि वाट रुंदावते. इंजिनाने उलट भडका मारला तर दट्ट्या मागे बसून ज्वाळा क्रँककेसपर्यंत जाऊ देत नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या, धान व्यापाऱ्यांच्या दारात उभी राहिली. तिच्याबरोबर कागदी फिल्टर आणि हेड कव्हरपासून निघणाऱ्या रबरी नळ्या आल्या. ऑइल-बाथची सवय असलेल्या हातांनी कागदी फिल्टरही पेट्रोलने धुतले. कागद धुतला की त्याची छिद्रे बिघडतात. झटकून, हलक्या दाबाची हवा आतून बाहेर मारून एक-दोनदा वापरता येतो, मग बदलावाच लागतो. पंक्चरच्या दुकानातल्या पूर्ण दाबाची हवा मारली तर कागद फाटतो आणि फाट डोळ्यांना दिसतही नाही. फिल्टर बल्बसमोर धरून पाहणे ही सोपी कसोटी.

पीसीव्ही व्हॉल्व्हची तपासणीही तितकीच सोपी. इंजिन आयडलवर ठेवून व्हॉल्व्ह हेड कव्हरमधून उपसायचा आणि तोंडावर बोट ठेवायचे. जोराची ओढ लागली तर मॅनिफोल्डपर्यंतची वाट मोकळी आहे. इंजिन बंद करून साधा व्हॉल्व्ह कानाशी हलवला की दट्ट्या खुळखुळला पाहिजे. आवाज आला नाही तर तो काजळीने चिकटला आहे. तो क्लीनरने धुता येतो, पण नवा स्वस्त मिळतो, म्हणून बदललेला बरा. नळी मात्र ऑइल सोसणाऱ्या नायट्राइल रबराचीच हवी. बागेतल्या पाण्याच्या पाइपाचा तुकडा जोडला तर ऑइलच्या वाफेने तो फुगतो, मऊ पडतो आणि ओढीखाली आतल्या आत चिकटतो.

डिझेलचे युग वेगळे. महिंद्राच्या जीपांमध्ये ऐंशीच्या दशकापासून प्यूजोच्या परवान्यावरचे डिझेल इंजिन आले, १९९४ मध्ये टाटा सुमो आली, २००० मध्ये बोलेरो. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला तेव्हा उरलेल्या भंडारा जिल्ह्यात एसटीच्या बरोबरीने माणसे नेण्याचे काम काळी-पिवळी जीपाच करत होत्या. जुन्या डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी मॅनिफोल्डची ओढ नसते. ब्रीदरची नळी एअर क्लीनरनंतरच्या पाइपाला जोडलेली असते आणि वाटेत ऑइल वेगळे करणारी जाळी असते. इथली प्रसिद्ध कसोटी ऑइलच्या टोपणाची : इंजिन चालू ठेवून टोपण सैल करून भरण्याच्या तोंडावर नुसते ठेवायचे. जागेवर थरथरले तर ठीक. उडून पडले आणि तोंडातून धुराचे भपके आले तर ‘बॅक मारते’ असा निकाल. या निकालावर लगेच इंजिन उतरवायला देणे ही मात्र घाई आहे. ब्रीदरची जाळी काजळीने बुजली असली तरी दाब असाच वाढतो. आधी जाळी आणि नळी धुऊन पुन्हा कसोटी घ्यावी. दाब उतरला तर रिंगकामाचा खर्च वाचतो. पेट्रोल इंजिनात कम्प्रेशन गेजने मोजून, मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले की दोष रिंगांचा की व्हॉल्व्हचा तेही कळते. ऑइलने आकडा चढला तर रिंगा.

पावसाळ्यात आणि थंडीत टोपणाच्या आत दुधाळ चॉकलेटी लगदा दिसला की हेड गॅस्केट गेली असा समज होतो. कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल तर तो लगदा छोट्या फेऱ्यांत साचलेल्या वाफेचा असतो. इंजिन पुरते तापेल असा लांबचा फेरा झाला आणि ब्रीदर मोकळा असला की तो जातो.

भारतात पेट्रोल गाड्यांच्या धुराचे पहिले निकष १९९१ मध्ये आले. २००० मध्ये युरो-१ च्या तोडीचे निकष देशभर लागू झाले, आणि भारत स्टेजच्या पायऱ्या २००५, २०१०, २०१७ करत १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ पर्यंत पोहोचल्या. मान्यताचाचणीत पेट्रोल गाडीच्या क्रँककेसचा वायू बाहेर सोडायला परवानगीच नाही. कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आले आणि बिघाडाची लक्षणे बदलली. मॅनिफोल्डच्या नळीला चीर पडली की मोजमापाबाहेरची हवा आत जाते, आयडलिंग वरखाली होते, इंजिनाचा दिवा लागतो. डिझेलमध्ये ईजीआरची, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या रचनेची, काजळी आणि ब्रीदरची ऑइलवाफ मिळून मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो, सेन्सरचे तोंडही बुजते. थ्रॉटल बॉडी घरी साफ करता येते : बॅटरीची तार काढून, थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने न ढकलता. मॅनिफोल्डमधला थर काढण्यासाठी तो उतरवावा लागतो, ते मिस्त्रीचे काम. टर्बोच्या पाइपात ऑइलचा पातळ ओलावा दिसणे साधारण मानतात. ऑइल साचलेले आढळले तर मात्र ब्रीदर, टर्बो आणि ऑइलची पातळी तिन्ही पाहावे.

या सगळ्या काळात एक चूक टिकून आहे. इंजिन बॅक मारू लागले की ब्रीदरची नळी उपसून खाली रस्त्याकडे सोडली जाते, म्हणजे जुन्या अ‍ॅम्बेसेडरची रचना नव्या गाडीवर परत येते. एअर क्लीनर ओला होणे थांबते, मालकाला दुरुस्ती झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात रिंगा तशाच झिजत राहतात, मोकळ्या सोडलेल्या जागेतून न गाळलेली धूळ आत जाते आणि ऑइल रस्त्यावर सांडते. पीयूसीची तपासणी सायलेन्सरच्या तोंडाशी होते, ब्रीदरकडे कोणी पाहत नाही, म्हणून प्रमाणपत्रही मिळते. ज्यांच्या गाडीची नळी अशी खाली सोडलेली असेल त्यांनी यंदाचा चुरणा सुरू होण्याआधी ती परत जोडून घ्यावी, नवा फिल्टर टाकावा आणि मगच टोपणाची कसोटी घ्यावी.