सहा व्होल्टचा हट्ट

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद झाला. पण त्या गाड्यांची नाडी जाणणारे मिस्त्री जालन्यात अजून आहेत. दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची, जावा पुन्हा उभी करताना ते पटले. रंगकाम झाले आणि दिवा काजव्यासारखा लुकलुकू लागला. गाडी सहा व्होल्टची. तेवढ्याच वॅटला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून सांध्यातला किरकोळ अडथळाही तिला सोसत नाही. नवा रंग तर वीज अडवतोच. मिस्त्रीने अर्थिंगखालचा रंग खरवडला, दिवा उजळला. तरी इंजिन तापले की गाडी बंद, निवले की सुरू! सगळ्यांनी कार्बोरेटरला बोल लावला. मिस्त्रीने आधी प्लगची ठिणगी पाहिली, आणि कंडेन्सर बदलला. मग दादांनीच गिअरचा दांडा वळवून किक मारली. गुडघेदुखीचे नावही काढले नाही.