पायडल रिकामं का जातं?

गिरगाव चौपाटीवरून तीन बत्तीकडे वाळकेश्वरचा चढ सुरू झाला की सायकलस्वार सीटवरून उठतो, अंगाचं सगळं वजन एका पायडलवर टाकतो. नेमक्या त्याच वेळी खालून ‘खट्’ असा आवाज येतो आणि पायडल रिकामं खाली जातं. गुडघा हँडलवर आपटतो, तोल जातो आणि मागे बेस्टची बस असते. केम्प्स कॉर्नरचा चढ असो की करी रोडचा पूल, चेन सटकते ती बहुतेक वेळा अशाच जागी, कारण तिथेच तिच्यावर सर्वांत जास्त जोर येतो. म्हणून ही किरकोळ कुरकुर समजून सोडून देऊ नये. यातून हाडं मोडू शकतात. दुखणं नेमकं कुठे आहे, हे मात्र घरच्या घरी, स्टीलची फूटपट्टी आणि थोडं लक्ष एवढ्यावर शोधता येतं.

दोन सायकली, दोन स्वभाव

दादर, परळ, लालबागच्या रस्त्यांवर आज दोन जातींच्या सायकली शेजारी शेजारी धावतात. एक डबेवाल्यांची काळी, दणकट, एकाच गिअरची. डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची, आणि त्यांच्या सायकलला लागणारी चेन रुंद, जाड. दुसरी रोड बाइक. बारीक टायर, वाकडं हँडल, पुढे दोन चेनव्हील, मागे आठ ते बारा चकत्यांची कॅसेट.

काळ्या सायकलची चेन सटकली तर आपल्याकडच्या मिस्त्रींचा पहिला उपाय ठरलेला असतो. मागच्या चाकाचे नट ढिले करायचे, चाक मागे ओढायचं, चेन ताणून पुन्हा आवळायचं. खालच्या चेनला मध्यावर बोट लावल्यावर ती साधारण अर्धा इंच वर-खाली हलली की काम झालं. त्या सायकलसाठी हा उपाय अगदी बरोबर आहे, कारण तिथे चेन सैल होणं हेच सटकण्याचं मोठं कारण असतं.

रोड बाइकवर हाच उपाय चालत नाही. तिथे मागच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग चेनची ढिलाई स्वतःच खेचून घेते, त्यामुळे चेन कितीही झिजली तरी लोंबकळताना दिसत नाही. ‘सैल झालीय, एक कडी काढा’ असं म्हणून कडी काढली, तर पुढचं मोठं चेनव्हील आणि मागची सर्वांत मोठी चकती एकत्र लागताच चेन अपुरी पडते आणि डिरेलर ओढला जाऊन मोडू शकतो. म्हणून रोड बाइकबाबत पहिला प्रश्न चेन किती झिजली, हा असतो.

बारा इंचांची परीक्षा

रोलर चेनची मूळ रचना मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली केली. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, हे माप आजही डबेवाल्याच्या सायकलला आणि बारा गिअरच्या रोड बाइकला सारखंच आहे. त्यामुळे २४ अंतरं मोजली की बरोबर बारा इंच भरायला हवेत.

चेन सायकलवर लागलेली, थोडी ताणलेली असताना फूटपट्टीचं शून्य एका पिनेच्या कडेला लावा आणि तिथून पुढची चोविसावी पिन कुठे येते ते पाहा. तिचीही तीच कड बारावर आली तर चेन निरोगी आहे. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर झीज अर्ध्या टक्क्यावर पोचली. अकरा-बारा गिअरच्या सायकलची चेन तिथेच बदलावी. आठ ते दहा गिअरवाल्यांना पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे ३/३२ इंचापर्यंत सवड आहे. १/८ इंच पुढे गेली असेल, तर चेनबरोबर कॅसेटही गेली असं बहुधा धरून चालावं.

यात लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचा सांधा घासतो. एका सांध्याची झीज जेमतेम ०.०६६ मिलिमीटर, एका केसाच्या जाडीइतकी. पण २४ सांध्यांची बेरीज १/१६ इंच होते, आणि लांबलेली चेन दात्यांच्या खाचेत न बसता वरवर चढू लागते. चढता चढता ती दातेही स्वतःच्या मापाने कोरते.

म्हणूनच ‘नवी चेन टाकली आणि तेव्हापासूनच सटकायला लागली’ ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते. चेन नवी, अचूक अर्ध्या इंचाची. चकत्या मात्र जुन्या, लांबलेल्या चेनला सरावलेल्या. दोघींचं जमत नाही. मुंबई बरीचशी सपाट असल्याने आपण मधल्या दोन-तीन चकत्यांवरच महिनोन्महिने काढतो. सटकणं फक्त त्या लाडक्या गिअरमध्येच होत असेल आणि मोठ्या चकत्यांवर चेन शांत असेल, तर दोष कॅसेटचा, हे जवळजवळ निश्चित समजा.

फेऱ्या मोजा

चेन मापात असेल तर पुढची तपासणी कानाने करायची. सटकणं किती पायडल-फेऱ्यांनी येतं, ते मोजा.

पायडलच्या प्रत्येक फेरीत एकदा खटका बसत असेल तर पुढच्या चेनव्हीलचा एखादा दाता वाकला आहे. १०८ कड्यांची चेन आणि ५० दात्यांचं चेनव्हील असेल, तर चेनची पूर्ण फेरी व्हायला पायडलच्या दोनपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या लागतात; ३४ दात्यांवर तीनपेक्षा थोड्या जास्त. तेवढ्या अंतराने खटका परत परत येत असेल तर चेनमधली एखादी कडी आखडली आहे. सायकल उभी करून पायडल हाताने सावकाश उलटं फिरवा. डिरेलरच्या छोट्या चाकांवरून जाताना ती कडी नीट न वाकता उडी मारते, डोळ्यांना स्पष्ट दिसते. दोन्ही हातांनी ती डावी-उजवीकडे हलकेच वाकवली आणि तेलाचा थेंब दिला की बऱ्याचदा मोकळी होते.

खटक्याला काहीच ताल नसेल आणि चेन शेजारच्या चकतीवर जाऊ पाहत असेल, तर दोष गिअर जुळवण्यात आहे. शिमानोने १९८४ साली क्लिकवर बदलणारे गिअर रोड बाइकवर आणले, तेव्हापासून सगळी मदार केबलच्या ताणावर आली. अकरा गिअरच्या कॅसेटवर दोन चकत्यांमधलं अंतर चार मिलिमीटरपेक्षाही कमी असतं. केबलच्या नळीत पावसाचं पाणी शिरून गंज धरला की केबल अडखळते. छोट्या चकतीकडे जाताना डिरेलर केवळ स्प्रिंगच्या जोरावर सरकतो, म्हणून हा दोष आधी तिकडे जाणवतो. केबल आणि नळी बदलणं हाच खरा इलाज. केबल ठीक असेल तर डिरेलरजवळची गोल चकरी पाव-पाव फेरी फिरवून चेन चकतीच्या बरोबर मध्यावर आणता येते.

मोठ्या चकत्यांवर जास्त खरखर होत असेल तर मागून पाहा. डिरेलरची दोन्ही छोटी चाकं चकतीच्या सरळ रेषेत खाली दिसायला हवीत. तिरकी दिसली तर डिरेलर लटकवणारा हँगर वाकला आहे. चाळीच्या गॅलरीत, जिन्याखाली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल उजव्या अंगावर पडली की हे हमखास होतं. हा भाग मुद्दाम नरम धातूचा करतात, म्हणजे फ्रेम वाचते. तो गेज लावूनच सरळ करावा. अंदाजाने वाकवू नये.

शेवटची शंका मागच्या चाकाच्या हबवर. मागचा ब्रेक घट्ट दाबून पायडलवर हाताने जोर द्या. चेन दात्यांवर चढताना दिसली तर झीज. चेन जागेवर आणि सगळी कॅसेटच चाकाला सोडून पुढे सरकली, तर आतले खटके चिकट ग्रीसमुळे किंवा झिजल्यामुळे पकड घेत नाहीत. असं चाक दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर आणू नये.

मिठाची हवा, चिखलाचं पाणी

कुलाबा वेधशाळेत जून ते सप्टेंबरची पावसाची सरासरी २,००० मिलिमीटरच्या वर जाते. भरतीच्या लाटा मरीन ड्राइव्हचा कठडा ओलांडून रस्त्यावर येतात आणि त्यातलं मीठ चेनवर बसतं. खोदकामाची बारीक माती तेलात मिसळली की ती घासकागदाचं काम करते. म्हणून पावसातून आल्यावर कोरड्या फडक्याने चेन पुसावी, प्रत्येक रोलरवर सायकलच्या तेलाचा एकेक थेंब टाकावा, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि बाहेरचं तेल पुन्हा पुसून काढावं. तेल आतल्या सांध्याला हवं असतं. बाहेर राहिलेलं तेल धूळच गोळा करतं.

सायकलला आठ-पंधरा दिवसांनी हवा भरण्याची सवय आपल्याला आहेच. तिला महिन्यातून एकदा बारा इंच मोजण्याची जोड द्या. चेन सर्वांत स्वस्त, कॅसेट तिच्याहून महाग, चेनव्हील त्याहूनही महाग; वेळेवर बदललेली चेन बाकीच्या दोघांना वाचवते. वर्षभरातली सगळ्यात मोठी झीज पावसाळ्याच्या चार महिन्यांत झालेली असते. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा चढावर जाण्याआधी पट्टी लावा, आणि झीज तुमच्या सायकलच्या मर्यादेला पोचलेली दिसली तर पुढच्या रविवारची वाट न पाहता चेन बदला.