घरातला जुना संगणक भंगारात घालण्याआधी

दिवाळी आटोपली आणि आमचा पुतण्या घरचा संगणक चादरीत गुंडाळून घेऊन आला. "तात्या, दुकानदार म्हणतो याचं आता काही होत नाही, नवा घ्या. बाबा म्हणाले, कापसाचे पैसे आले की बघू. पण ताईचा अभ्यास तर याच्यावरच चालतो."

संगणक लावून पाहिला. यंत्राला काही झालेले नव्हते. दुखणे वेगळेच होते. आपल्याकडे अनेक घरांत असलेल्या विंडोज १० या प्रणालीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. नाव नोंदवणाऱ्यांना थोडी मुदत वाढवून मिळाली, एवढेच. आणि विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर व सुरक्षेची चीप २०१७ च्या आधीच्या बहुतेक संगणकांत नसते. म्हणजे बैल धडधाकट, पण जू नव्या मापाचे निघाले!

अशा वेळी बैल विकण्याची घाई करू नये. जू बदलता येते. संगणक सुरू होताच आधी जागी होऊन बाकी सगळ्यांना कामाला लावणारी जी मुख्य आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही त्यातली एक. दुसरी लिनक्स. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. पुढे देशोदेशीच्या लोकांनी त्यात भर घातली. आपल्याकडे इर्जिकीला सगळा गाव औते घेऊन एकाच्या रानात उतरतो, तसाच हा प्रकार. ती फुकट मिळते, दुसऱ्याला देता येते, आणि ते कायदेशीर असते. दुकानात चोरून भरून देतात त्यातली ही गत नव्हे. केरळातल्या सरकारी शाळांतली मुले गेली कित्येक वर्षे अशाच प्रणालीवर संगणक शिकत आहेत.

आता अडचण अशी, की लिनक्सचे वाण शेकड्यांनी आहेत. बियाण्याच्या दुकानात उभे राहिल्यावर होते तसे होते. प्रत्येक जाणकार आपलेच वाण चांगले म्हणतो. माझे मत विचाराल, तर नवख्या घराने लिनक्स मिंट घ्यावी. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोजवर बसलेला हात तिथे चुकत नाही. उबुंटूही चांगली आहे, मिंट तिच्यावरच उभी आहे. पण उबुंटूची मांडणी निराळी, घरातल्या वडीलधाऱ्यांना ती सापडत नाही. झोरिन दिसायला देखणी आहे, तिची साधी आवृत्ती फुकट मिळते. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची प्रणाली काढली आहे. तरी अडल्यावर विचारायला माणसे जास्त कुणाची मिळतील, हे पाहावे. मिंटची मिळतात.

मिंटमध्येही तीन प्रकार आहेत. मेमरी ८ जीबी असेल तर सिनॅमन घ्या. पुतण्याच्या संगणकासारखी ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. ती अंगाने हलकी. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर वेगात जो फरक पडतो, तो दुसऱ्या कशाने पडत नाही. खर्च करायचाच तर तिथे करा.

सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे ही प्रणाली बसवण्याआधी चालवून पाहता येते. ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची असते. ती रूफस किंवा एचर या आज्ञावलीने त्यावर चढवतात. नुसती कॉपी करून चालत नाही. मग संगणक सुरू करताना एफ१२, काही यंत्रांत एफ९ किंवा एस्केप, ही कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, हे बघून घ्या. थोडी सावकाश चालेल, त्याने बिचकू नका.

काय चालणार नाही तेही सांगतो. टॅलीवर दूध सोसायटीचे हिशोब लिहिणाऱ्याने विंडोज सोडू नये. डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्याने आधी खात्री करावी. बाकी पत्रे, तक्ते, यूट्यूब, सातबाऱ्याचा उतारा पाहणे, मुलांचा अभ्यास हे सगळे होते. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबर ऑफिस आयते मिळते. मराठी टंकायला इनस्क्रिप्टची मांडणी सेटिंगमधून जोडावी लागते.

आता माझी चूक ऐका. दोन वर्षांपूर्वी मी माझ्याच संगणकावर मिंट बसवायला घेतली. मध्येच एक प्रश्न येतो : विंडोजच्या शेजारी बसवू, की डिस्क पुसून? मला रानात मोटर बंद करायला जायचे होते. घाईत दुसऱ्यावर बोट पडले आणि 'होय' म्हणून मोकळा झालो. वडिलांच्या शेवटच्या वारीचे फोटो त्या डिस्कवर होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. वडीलही आता नाहीत. म्हातारी आई अजून विचारते, तुळशीमाळ घातलेला तो फोटो कुठे आहे?

म्हणून पुतण्याला सांगितले, आधी फोटो, मार्कलिस्टा, पासबुकाचे कागद, सगळे बाहेरच्या डिस्कवर काढ, चार फायली उघडून पाहा, मग बाकीचे. ताईने दोन दिवस पेन ड्राइव्हवरूनच संगणक वापरला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बसवा तात्या, मला जमतंय." तोवर पुतण्या फोटोच उतरवत होता. बहिणीच्या बारशापासूनचे निघाले, आणि एकेक बघत बसल्यामुळे सगळी दुपार गेली.