लेखकाचे नाव यंत्राला कसे कळावे?

नाशकात ‘तात्यासाहेब’ एवढे म्हटले की पुरे. पुढे आडनाव सांगावे लागत नाही. 1942 साली ज्यांचा ‘विशाखा’ संग्रह निघाला ते कुसुमाग्रज आणि ‘नटसम्राट’चे नाटककार वि. वा. शिरवाडकर हे एकच, हे येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वस्तुतः त्यांचे जन्मनाव गजानन. काकांना दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले आणि कुसुम या बहिणीचे अग्रज म्हणून कुसुमाग्रज झाले. एवढ्या नावांचा आपल्याला घोटाळा वाटत नाही, कारण आपल्याला माणूस ठाऊक आहे. यंत्राच्या हाती येतात ती फक्त अक्षरे.

ही अडचण नवी नव्हे. जुन्या ग्रंथालयांतील सूचिकार ‘कुसुमाग्रज’ या पत्रकावर ‘पाहा : शिरवाडकर’ असे लिहून ठेवीत, आणि वाचक योग्य खणापाशी पोचे. आज तो खण म्हणजे गूगलसारखे शोधयंत्र. लेख संकेतस्थळावर घालताना वाचकाला दिसणाऱ्या मजकुराच्या आड यंत्रासाठी एक लहानशी नोंद लिहिता येते: हा लेख आहे, याचा लेखक अमुक, आणि त्याची ओळख अमुक पानावर आहे. या नोंदींची सामाईक भाषा मोठ्या शोधयंत्रांनी 2011 साली ठरविली. तिचे नाव ‘स्कीमा’. आपले पत्रक ते हेच.

मग नोंद करूनही लेखकाची ओळख का दिसत नाही? दोष बहुधा साधे असतात. आमचाच एक लेख एका संस्थेच्या संकेतस्थळावर आला, तेव्हा लेखक म्हणून ‘प्रशासक’ हे नाव लागले! लेख चढविणाऱ्याचे खाते तेच लेखक, असे यंत्राने धरले होते. तेव्हा पहिली तपासणी हीच: लेखकाच्या जागी खरोखर लेखक आहे काय?

दुसरा दोष आपल्या आदरबुद्धीचा. ‘कै.’, ‘प्रा.’, ‘डॉ.’ ही उपपदे आपण नावालाच चिकटवितो. नावाच्या रकान्यात केवळ नाव असावे. उपपदासाठी निराळा रकाना आहे. दोन लेखक असतील तर दोन नोंदी कराव्यात, ‘आणि’ घालून एकच नाव करू नये. व्यक्तीला व्यक्ती म्हणावे, संस्थेला संस्था.

तिसरा दोष खास मराठी. संगणकावरील छपाईच्या आरंभीच्या काळातील कित्येक टंकांत देवनागरी अक्षरे केवळ डोळ्यांना दिसत. आत साठविलेली असत रोमन अक्षरे. असा मजकूर जशाचा तसा चढविला, तर यंत्राला निरर्थक अक्षरमाला मिळते. पानाचे नुसते छायाचित्र चढविले, तर तेथे नाव आहे याचीही खात्री राहत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच उपाय.

चौथा आणि मोठा दोष म्हणजे एका नावाची अनेक रूपे. येथे आम्हांला मालती बेडेकरांची आठवण होते. माहेरच्या त्या बाळूताई खरे, ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिताना विभावरी शिरूरकर. तीन नावे, लेखिका एक! अशा वेळी लेखकाचे एकच कायमचे पान ठरवावे, सर्व नावे तेथे नोंदवावीत आणि प्रत्येक लेखाने त्याच पानाकडे बोट दाखवावे. विश्वकोश, ग्रंथालयसूची यांतील त्याच व्यक्तीच्या नोंदींचे दुवेही तेथे जोडावेत. 2012 सालापासून चालू असलेला ‘विकिडेटा’ प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक देतो. नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही.

इतके करूनही फळ हाती येईलच असे नाही. 2011 साली गूगलने लेखकाचे छायाचित्र व नाव शोधफलितांत दाखविण्यास आरंभ केला. 2014 च्या जूनमध्ये छायाचित्रे काढली आणि ऑगस्टमध्ये ती योजनाच बंद केली. म्हणून त्या जुन्या खुणा आज कोणी सुचविल्या, तर त्यांत वेळ दवडू नये. नव्या नोंदी गूगलच्याच चाचणीच्या साधनाने तपासता येतात. चाचणी उतरली म्हणजे नोंद वाचता येते एवढेच कळते. ती दाखवायची की नाही, हे शोधयंत्र ठरविते.

मग हा खटाटोप कशासाठी? कुसुमाग्रजांचे नाव पुसले जाणार नाही. ज्ञानपीठ मिळालेल्या कवीला शोधणारे पुष्कळ आहेत. परंतु तालुक्याच्या गावी बसून बोलीभाषेचे शब्द गोळा करणारा शिक्षक, लग्नानंतर नाव बदललेली कथालेखिका, दिवाळी अंकात एकदाच लिहून गेलेला कामगार, यांना ओळखणारे माणूस गेले की उरते ती नोंदच. ती चुकली, तर त्यांचे लेखन राहील, पण ते कोणाचे हे कळणार नाही. ग्रंथाच्या पहिल्या पानावर लेखकाचे नाव आपण शुद्ध छापतो. तेवढीच काळजी या न दिसणाऱ्या पानावर घेणे, हे लेखकाचे ऋण फेडणेच होय.