गुडघा आणि उतार

डोंगर चढताना दम लागतो. गुडघा दुखतो तो बहुधा उतरताना. चढ संपला म्हणजे कष्ट संपले, हा समज खोटा आहे.

उतारावर देहाचा भार पुढे कोसळू पाहतो. त्याला आवरतो तो मांडीचा पुढचा स्नायू. हाच आपला ब्रेक होय. तो थकला की पावलागणिक बसणारा दणका सांध्याला सोसावा लागतो. म्हणून उपाय यात्रेच्या दीड-दोन महिने आधीच सुरू करावा. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठावे-बसावे, जिना हळूहळू उतरावा. प्रत्यक्ष उतरताना पावले आखूड टाकावीत, गुडघा ताठ ठेवू नये, हाती काठी घ्यावी. ओझे हलके असावे. गुडघेदुखीच्या स्थूल वृद्धांचा एक अभ्यास २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. देहाचे एक किलो वजन घटले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे त्यात आढळले. सांध्याला सूज आली किंवा तो अडकू लागला, तर तेल चोळीत न बसता डॉक्टर गाठावा.

आम्ही ऊसतोड कामगारांत वावरतो. केजची माणसे दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात आणि डोईवर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. यात्रेकरूचा गुडघा दुखला तर तो सावलीला बसतो. यांचा दुखला तर खाडा पडतो, मजुरी बुडते. ओझे हलके करा, हा सल्ला त्यांनी एकट्याने पाळावा कसा? म्हणून मोळीचे वजन हा आम्ही आरोग्याचाही प्रश्न मानतो.