हर्बी, भट्टी आणि हळदीची स्कीम

मार्केटिंगच्या जागेसाठी मुलाखतीला आलेल्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारते. धंद्यावरचं शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंत? उत्तरं बहुतेक एकाच फडताळातली येतात. ब्रँड कसा उभारावा, गिऱ्हाइकाच्या मनात जागा कशी मिळवावी, पहिल्याच ओळीत त्याला कसं पकडावं. मी सांगली भागातल्या एका मसाल्याच्या कंपनीत मार्केटिंग बघते. ही पुस्तकं मीही वाचली आहेत आणि ती अगदीच टाकाऊ नाहीत. पण आमच्या उपयोगाला जास्त येतात ती शेजारच्या फडताळातली, कारखान्यावरची, हिशोबावरची, माल आणि माणसं सांभाळणाऱ्यांची. आपण जो माल विकतो तो कसा बनतो आणि कुठे अडतो, हे आमच्या जमातीला सहसा ठाऊक नसतं.

क्लॉड हॉपकिन्स हा अमेरिकन जाहिरातवाला. त्याचं ‘माय लाइफ इन ॲडव्हर्टायझिंग’ १९२७ साली आलं. त्यातला श्लिट्झ बिअरचा किस्सा प्रसिद्ध आहे. त्या काळी सगळे बिअरवाले ‘शुद्ध’ म्हणून ओरडत होते आणि लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं. (आज किराणा दुकानात हळदीची पाकिटं उलटून बघा.) हॉपकिन्स कारखान्यात गेला. काचेच्या खोल्यांत, गाळून घेतलेल्या हवेत बिअर थंड होत होती. बाटल्या चार-चारदा धुतल्या जात होत्या. कारखाना मिशिगन सरोवराच्या काठावर, तरी पाण्यासाठी हजारो फूट खोल विहिरी खणलेल्या. हे लोकांना का सांगत नाही, असं त्यानं विचारलं तर उत्तर मिळालं की त्यात काय, सगळेच असं करतात. त्यानं तेच जाहिरातीत छापलं. काही महिन्यांत श्लिट्झ पाचव्या नंबरावरून पहिल्याच्या बरोबरीला आली, असं तो सांगतो. आकडा त्याचा स्वतःचा आणि माणूस जाहिरातवाला, तेव्हा थोडी घट धरून वाचावं.

‘जो आधी सांगेल तो जिंकेल’ असा धडा या किश्श्यातून काढायची पद्धत आहे. मला त्याच्या आधीची पायरी मोठी वाटते. लिहायला बसण्यापूर्वी तो आत गेला होता. रोज तिथेच वावरणाऱ्यांना त्या काचेच्या खोल्यांचं अप्रूप उरलं नव्हतं.

आत जाऊन नेमकं काय बघायचं, ते मला ‘द गोल’नं शिकवलं. एलियाहू गोल्डरॅट हा इस्रायलचा, पदार्थविज्ञान शिकलेला. जेफ कॉक्सला बरोबर घेऊन त्यानं १९८४ साली ही चक्क कादंबरी लिहिली. ॲलेक्स रोगो नावाच्या मॅनेजरला कारखाना सुधारायला तीन महिने दिलेले असतात. मधेच तो मुलाच्या स्काउट पथकाबरोबर डोंगरात पायी सहलीला जातो. मुलांची रांग सारखी लांबत जाते, कारण हर्बी नावाचा जाडा मुलगा हळू चालतो. पुढची पोरं कितीही पळाली तरी पथक पोचणार हर्बी पोचेल तेव्हाच. मग ॲलेक्स हर्बीला सगळ्यांच्या पुढे काढतो आणि त्याच्या सॅकमधलं ओझं बाकीच्यांत वाटून देतो. परतल्यावर तो कारखान्यातले हर्बी शोधायला लागतो.

आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे चटणीचा हंगाम. रिवाज असा की सगळ्यात जास्त खपतो त्या कांदा-लसूण मसाल्यावरच स्कीम लावायची, दहा पेट्यांवर एक पेटी फुकट. पुस्तक वाचून झाल्यावर मी हंगामात दुपारची फ्लोअरवर जाऊन बसायला लागले. पाऊच भरायची मशिनं बंद, पॅकिंगच्या बायका हातावर हात ठेवून गप्पा मारतायत आणि सगळे वाट बघतायत भट्टीची. कांदा तिथेच, खोबरं तिथेच, खडा मसालाही तिथेच भाजायचा. घाई केली की कांदा करपतो आणि अख्खा घाणा कडू होतो. म्हणजे जेवढा मसाला भट्टी देत होती तेवढा तसाही हातोहात जात होता, आणि वर आम्ही पेट्या फुकट वाटत होतो. हळद भट्टीकडे फिरकतसुद्धा नाही, दळली की थेट पॅकिंगला. आम्ही स्कीम मसाल्यावरून काढून हळदीवर टाकली. सेल्सची पोरं आठवडाभर कुरकुरली. पुढे खोबऱ्यासाठी वेगळी कढई बसवली, म्हणजे हर्बीच्या सॅकमधलं ओझं काढलं. भट्टीला आता फ्लोअरवर सगळे हर्बीच म्हणतात, पुस्तक न वाचलेलेही.

तिसरं पुस्तक अमूलच्या व्हर्गीस कुरियन यांचं. ‘माझंही एक स्वप्न होतं’ या नावानं ते मराठीत आहे. अमूल म्हटलं की आमची मुलं जाहिरातीतल्या ठिपक्यांच्या फ्रॉकवाल्या मुलीपासून सुरुवात करतात. ती आली १९६६ साली. कुरियन आणंदला पोचले १९४९ मध्ये. खेडा जिल्ह्याच्या सहकारी संघाचं दूध मुंबईच्या सरकारी दूध योजनेला जायचं. पण थंडीत म्हशी दुपटीहून जास्त दूध देतात आणि मुंबईला तेवढं नको असायचं. म्हशीला तर सांगता येत नाही की आज देऊ नकोस. त्या जादा दुधाचं करायचं काय, या अडचणीतून १९५५ साली लोणी आणि पावडरीचा कारखाना उभा राहिला. म्हशीच्या दुधाची पावडर होणारच नाही, असं परदेशी तज्ज्ञ म्हणत होते. ती हरिचंद दलाया यांनी करून दाखवली.

लोणी बाजारात आलं तर लोकांनी नाकं मुरडली. आंबवलेल्या सायीच्या खारट पोल्सन लोण्याला सरावलेल्या जिभेला ताज्या सायीचं लोणी सपक लागलं. आमचंच कसं अस्सल, हे पटवत बसण्यापेक्षा कुरियन यांच्या मंडळींनी लोण्याची चव लोकांच्या सवयीला जुळवून घेतली. गिऱ्हाइकाला काय हवं यापासून सुरुवात करा, असं आम्हाला घोकवलेलं असतं. इथे सुरुवात शिल्लक दुधापासून झाली आणि गिऱ्हाइकाची जीभ नंतर आली, पण आल्यावर तिचं ऐकलं गेलं.

यशाची सूत्रं सांगणारी जाडजूड पुस्तकं मात्र मी जपून वाचते. जिम कॉलिन्सच्या ‘गुड टू ग्रेट’मध्ये (२००१) अकरा आदर्श कंपन्या निवडल्या होत्या. त्यातल्या फॅनी मेचा ताबा २००८च्या सप्टेंबरात सरकारला घ्यावा लागला आणि नोव्हेंबरात सर्किट सिटीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. फिल रोझेनझ्वाइगनं त्याच्या आदल्याच वर्षी ‘द हेलो इफेक्ट’मध्ये या प्रकाराची नस पकडली होती. कंपनी चालली की तिचा साहेब दूरदृष्टीचा ठरतो, आणि तीच बुडाली की तोच साहेब हेकेखोर. नव्या मुलांना मी हे पुस्तक आधी वाचायला देते आणि ‘गुड टू ग्रेट’ नंतर.

उधारीवर मला अजून मनासारखं पुस्तक मिळालेलं नाही. म्हणून नव्या भरतीला पहिल्या महिन्यात वसुलीच्या माणसाबरोबर जत-आटपाडीकडे पाठवते. तिथला दुकानदार गल्ला उघडतो, अर्धे पैसे मोजून देतो आणि म्हणतो, “तुमची स्कीम ऱ्हाऊ द्या. आठ दिवस जास्त थांबा, दोन पेट्या जादा घेतो.” परत आल्यावर पोरांना मी अकाउंट्समध्ये बसवते आणि त्या आठ दिवसांचं व्याज धरून त्या दोन पेट्या कंपनीला कितीला पडल्या, ते काढायला लावते.